संशोधनासाठी आमच्या बाळाची विकास चाचणी घेऊ द्यावी का? त्यातून आम्हाला काय मिळेल?

तुम्ही लिहिलंय की मुलगी ३२ आठवड्यांत जन्मली, आता ८ महिन्यांची आहे. पुण्यातल्या एका संशोधन प्रकल्पाची माणसं घरी येऊन तिची विकास चाचणी घेणार म्हणतायत, आणि पुढेही दर काही महिन्यांनी येणार. बायको तयार आहे. तुमच्या आई म्हणतात, लेकरावर प्रयोग नकोत. आणि तुम्ही विचारताय, यातून आम्हाला काय मिळेल?

मी त्या दुसऱ्या बाजूची आहे, चाचणीच्या सामानाची पेटी घेऊन लोकांच्या घरी जाणारी. १९९८ साली अगदी हाच प्रश्न मला एका आईने विचारला होता आणि मी तिला खोटं उत्तर दिलं होतं. म्हणून लिहितेय.

आधी थोडक्यात सांगते. निकाल तुमच्या हातात लेखी देणार असतील, आणि काही आढळलं तर पुढे कोण बघणार हे आजच सांगू शकत असतील, तर हो म्हणा. यातली एक जरी गोष्ट नसेल तर दारातूनच परत पाठवा.

तेव्हा मी २४ वर्षांची होते. मानसशास्त्रात एम.ए. करून नुकतीच एका प्रकल्पात लागले होते. संस्थेचं नाव लिहीत नाही. दिवस भरायच्या आधी झालेली, कमी वजनाची बाळं शोधायची आणि तीन-तीन महिन्यांनी त्यांच्या घरी जाऊन डासी करायची, हे माझं काम. डासी म्हणजे प्रमिला फाटक यांनी बडोद्याला आपल्याकडची बाळं तपासून, बेलींच्या अमेरिकन चाचणीवरून बेतलेली चाचणी. हालचालींच्या ६७ आणि समजेच्या १६३ गोष्टी त्यात बघतात, अडीच वर्षांपर्यंतच्या बाळांच्या. आजही आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी हीच वापरतात, तुमच्याकडे येणारेही बहुधा हीच आणतील. लाल रिंग, घंटी, लाकडी ठोकळे, कप, आरसा. बाळाला टोचत नाहीत, काही पाजत नाहीत. आईंना एवढं नक्की सांगा, प्रयोग या शब्दाची त्यांची भीती त्याने बरीच कमी होईल.

जनता वसाहतीत, पर्वतीच्या पोटाशी, एक खोली होती. पावसाळा होता आणि पत्र्यावर इतका आवाज होत होता की घंटीची चाचणी मला दोनदा थांबवावी लागली. बाळ मुलगा होता, ९ महिन्यांचा, जन्माच्या वेळी दीड किलोच्या आसपास. आई चार घरची धुणीभांडी करायची, त्या दिवशी दोन घरी खाडा करून थांबली होती. आजी दारात बसून तांदूळ निवडत होती. मी रिंग पुढे धरली, त्याने उजव्या हाताने झडप घातली. ठोकळा दिला, उजव्या हातात. दुसरा ठोकळा दिला. आता एकतर पहिला सोडेल किंवा डावा हात पुढे आणेल, अशी ती पायरी असते. त्याने पहिला टाकला आणि त्याच उजव्या हाताने दुसरा घेतला. डावा हात मुठीत होता, अंगठा मुठीच्या आत. मी ती मूठ हळूच उघडली. सोडल्यावर पुन्हा मिटली. पुन्हा उघडली, पुन्हा मिटली.

आजी कौतुकाने म्हणाली, "उजव्या हाताचा आहे आमचा बाळ."

वर्षाच्या आत बाळ उजव्या किंवा डाव्या हाताचं नसतं. त्या वयात दोन्ही हात सारखे चालायला हवेत. एकच हात पुढे येत असेल तर दुसऱ्या हाताचं काहीतरी बिघडलेलं असू शकतं, आणि ते बहुतेक वेळा मेंदूच्या विरुद्ध बाजूचं असतं. हे मला तेव्हा माहीत होतं. पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं. समोर पहिल्यांदाच बघत होते.

पेटी भरत असताना आईने विचारलं, "ताई, एवढं सगळं करून माझ्या पोराला काय मिळणार?" आणि माझ्या उत्तराची वाट न बघता, "कसा आहे तो?"

मी म्हटलं, "छान आहे."

आम्हाला सांगितलंच होतं तसं. पालकांना निकाल सांगायचा नाही, विचारलं तर छान आहे म्हणायचं. मी बसमध्ये बसून फॉर्मवर लाल पेनाने लिहिलं, डावा हात, मूठ, अंगठा आत, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या सरांसमोर ठेवलं. सर हुशार होते, कष्टाळू होते, पोटच्या पोरासारखं आम्हाला शिकवायचे, हेही सांगायला हवं. ते म्हणाले, "नोंद उत्तम आहे. पण आपण नैसर्गिक वाढ बघतोय. तू सांगितलंस तर ते उपचार सुरू करतील आणि आपला आकडा बिघडेल. आपलं काम मोजण्याचं आहे."

मी गप्प बसले. तेव्हा आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, २००० सालची मार्गदर्शक तत्त्वंसुद्धा यायची होती. पण त्याचा आधार घेणार नाही, कारण खोटं बोलायला तत्त्वं आड येत नव्हती आणि खरं बोलायलाही त्यांची गरज नव्हती.

१२ महिन्यांना गेले तेव्हा तो बसल्या बसल्या एका बाजूने सरकत होता, उजव्या हाताने जमीन ढकलत. मी पुन्हा लिहिलं. पुन्हा छान आहे म्हटलं. १५ महिन्यांना गेले तेव्हा आईने दार अर्धंच उघडलं. मधल्या काळात ते गावी जाऊन अंगारा घेऊन आले होते, गळ्यात ताईत होता, आणि मग तापासाठी दवाखान्यात भरती केलं तेव्हा तिथल्या एका डॉक्टरीणबाईंनी पाच मिनिटांत सांगितलं होतं की उजव्या बाजूच्या मेंदूला जन्माच्या सुमारास इजा झालीय, डावा हात-पाय त्यामुळे आखडतोय, सेरेब्रल पाल्सी म्हणतात.

ती भांडली नाही. आत बोलावलं, चहा टाकला. म्हणाली, "पहिल्यांदा आला होतात तेव्हा तुम्ही त्याची मूठ दोनदा उघडून बघितली होती. मी बघत होते. तुम्हाला तेव्हाच कळलं होतं ना?"

मी हो म्हटलं.

मग ती जे म्हणाली ते मी आजपर्यंत कुठे लिहिलेलं नाही. "मी दिवसभर सगळं त्याच्या उजव्या हातातच देत होते, ताई. खुळखुळा, भाकरीचा तुकडा, सगळं. त्याला त्या हाताने बरं पडतं म्हणून."

सहा महिने. त्या माउलीने सहा महिने अगदी मायेने त्या चांगल्या हाताला आणखी चांगलं केलं आणि दुसरा हात विसरायला मदत केली. मी एक वाक्य बोलले असते तर तिने बसायची जागा बदलली असती, खुळखुळा डाव्या बाजूने वाजवला असता. त्याला पैसे लागत नव्हते, दवाखाना लागत नव्हता.

सरांशी माझं भांडण झालं ते त्यानंतर. ते शेवटी म्हणाले, "तू सांगितलं असतंस तरी त्याचा हात सुटला असता का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. चार महिन्यांनी काम सोडलं. त्यानंतर आजपर्यंत मी पालकांबरोबर काम करतेय, घरी जाऊन, धनकवडी, वारजे, हडपसर, जिथे बोलावतील तिथे. आणि प्रत्येक घरात शिरताना सरांच्या त्या प्रश्नाला उत्तर देत असते.

आता त्याला थोडं उत्तर आहे. स्टॉकहोमच्या अ‍ॅन-ख्रिस्टिन एलियासन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३ ते ८ महिन्यांच्या अशाच बाळांवर अभ्यास केला, एका बाजूचा हात मागे पडतोय अशी चिन्हं असलेल्या. एका गटात आई-वडिलांनी बाळाच्या चांगल्या हातावर मोजा चढवायचा आणि रोज अर्धा तास मागे पडलेल्या हाताशी खेळायचं, असं सहा-सहा आठवडे दोन वेळा. दुसऱ्या गटात तेवढाच वेळ मालिश. २०१८ साली आलेल्या निष्कर्षात मोजावाल्या गटात मागे पडलेल्या हाताचा वापर जास्त सुधारलेला होता. बाळं थोडीच होती, तेव्हा ही जादू आहे असं मी म्हणणार नाही. मेंदूला झालेली इजा कुणी पुसू शकत नाही. पण काम कोणी केलं ते बघा. घरात बसून, आई-वडिलांनी. जनता वसाहतीतल्या त्या खोलीत हे होऊ शकलं असतं.

दुसरं काम ग्रोनिंगनचं, नेदरलँड्समधलं. मायना हॅडर्स-अल्ग्रा या डॉक्टर संशोधिकेचा गट तान्ह्या बाळांच्या आपसूक हालचालींचा अभ्यास करतो, म्हणजे बाळ नुसतं पाठीवर पडून हात-पाय हलवतं त्यातून पुढचा धोका ओळखायचा. त्याच गटातल्या टिनेके डिर्क्स यांनी अशा बाळांच्या कुटुंबांसाठी कोप्का नावाची पद्धत बांधली. त्यात थेरपिस्ट बाळाला हातात घेऊन 'करून' देत नाही. तो बाजूला बसतो, आई-वडील रोजचं आंघोळ घालणं, भरवणं, खेळवणं करत असतात, आणि तो त्यांच्याशी बोलतो, सुचवतो. काय करायचं ते घर ठरवतं. ४६ बाळांवर त्यांनी ही पद्धत नेहमीच्या फिजिओथेरपीशी ताडून बघितली. दोन गटांच्या सरासरीत म्हणावा असा फरक निघाला नाही, हे त्यांनी स्वच्छ लिहिलंय. पण सत्रांचे व्हिडिओ तपासल्यावर दिसलं की जिथे पालकांना खरोखर बरोबरीने शिकवलं गेलं तिथे पुढे बाळांचं बरं चाललं. मला हा अभ्यास म्हणूनच पटतो. न निघालेला फरक त्यांनी लपवला नाही, आणि तरी घराकडे बघणं सोडलं नाही.

हे दोन्ही कागद छापून मी सरांच्या घरी गेले होते, कर्वेनगरला. ते निवृत्त झालेत, डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, भिंग लावून वाचले त्यांनी. बराच वेळाने म्हणाले, "तेव्हा हे नव्हतं." मी म्हटलं, "फिजिओथेरपी होती ना सर. ससून हॉस्पिटल होतं." ते काही बोलले नाहीत. काकूंनी कॉफी आणली आणि आम्ही त्यांच्या नातीच्या बारावीबद्दल बोललो.

आता तुमच्याकडे वळते.

येणाऱ्या बाईंना पहिला प्रश्न विचारा, वय कसं मोजणार? तुमची मुलगी ८ आठवडे आधी आलीय. तारखेने ती ८ महिन्यांची असली तरी चाचणीसाठी तिचं करेक्टेड वय, म्हणजे लवकर आलेले आठवडे वजा करून येणारं वय, ६ महिने धरायला हवं, आणि दोन वर्षांची होईपर्यंत तसंच. समजा तिने साडेपाच महिन्यांच्या बाळाइतकं केलं. ८ ने भागून शंभराने गुणलंत तर विकासाचा गुणांक ६९ येतो, आणि ७० च्या खाली विकास मागे आहे असं धरतात. ६ ने भागलंत तर ९२. मूल तेच, दुपार तीच. एका आकड्याने तुमच्या घरात सहा महिने रडारड होईल, दुसऱ्याने होणार नाही. आणि हो, सासू-जाऊ-शेजारीण यांच्याकडच्या पूर्ण दिवसांच्या बाळांशी तुलना होत असेल तर तीही याच हिशोबाने तोडून टाका.

मग संमतीपत्र. मराठीत मागा, इंग्रजीवर सही करू नका. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे तुम्हाला समजेल अशा भाषेत माहिती देणं, कधीही कारण न देता बाहेर पडू देणं, आणि एथिक्स कमिटीचा, म्हणजे संशोधन नीतीने चाललंय का ते बघणाऱ्या समितीचा, संपर्क देणं हे त्यांना बंधनकारक आहे. बाहेर पडलात म्हणून दवाखान्यातल्या तुमच्या नेहमीच्या उपचारांवर परिणाम होता कामा नये. पण त्यात जे स्पष्ट लिहिलेलं नसतं ते तुम्ही लिहून घ्या, की चाचणीचा निकाल किती दिवसांत, कोणाच्या सहीने, आणि समजावून कोण सांगणार. 'गोपनीय आहे' असं कोणी म्हणालं तर म्हणा, माझ्या मुलीचा निकाल माझ्यापासून गोपनीय कसा? यावर ज्याला उत्तर देता येत नाही त्याला मी तरी घरात घेणार नाही.

काही आढळलंच तर पुण्यात जागा आहेत. औंधच्या जिल्हा रुग्णालयातलं डीईआयसी, म्हणजे २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातलं, मुलांच्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणारं केंद्र, हे शून्य ते अठरा वयाच्या मुलांसाठीच आहे, मोफत. ससून आहे. केईएम हॉस्पिटलचं बालविकास केंद्र आहे. रांग असते, चिकाटी ठेवा. पुढे खरंच गरज पडली तर दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, काढायला लाजू नका. कागद काढला की मूल 'तसं' ठरतं, असं म्हणणारे नातेवाईक तुमच्या फिजिओथेरपीचं बिल भरत नाहीत. ४० टक्के दिव्यांगत्वापासून सवलती सुरू होतात. सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांच्यासाठी केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टचा निरामय आरोग्य विमा आहे, वर्षाला एक लाखापर्यंत, त्यात थेरपीचा खर्चही बसतो. हे मी तुम्हाला घाबरवायला लिहीत नाही. त्या आईला हे कोणी सांगितलं नव्हतं म्हणून लिहितेय. तुम्हाला यातलं काहीच लागलं नाही तर मला आनंदच आहे.

 

आता एक गोष्ट जी मी आधीच लिहायला हवी होती. सगळे प्रकल्प माझ्या प्रकल्पासारखे नसतात. पुण्यातच डॉ. सुधा चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ ते ८९ मध्ये जन्मलेल्या, दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांचा वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत पाठपुरावा केला. अठरा वर्षं. त्या घरांनी अठरा वर्षं दार उघडलं म्हणून आज तुमच्या डॉक्टरांना अशा बाळांचं पुढे काय होतं ते भारतातल्या आकड्यांनिशी माहीत आहे, परदेशातल्या पुस्तकावर विसंबावं लागत नाही. ३२ आठवड्यांच्या बाळाची महिन्याच्या आत डोळ्यांच्या पडद्याची तपासणी करायची, कान तपासायचे, हेसुद्धा कोणाच्या तरी बाळांना असंच मोजून कळलेलं आहे. तुमच्या मुलीच्या या दोन्ही तपासण्या झाल्या असतीलच. नसतील तर चाचणीचं राहू दे, आधी त्या करा. म्हणून नाही म्हणा असं मी म्हणत नाही. हो म्हणा, पण मोजून घेण्याचा मोबदला मागा, आणि तो मोबदला पैशात मागू नका, माहितीत मागा.

मी डॉक्टर नाही, निदान माझ्याकडून घेऊ नका. तुमच्या मुलीला मी पाहिलेलं नाही.

तो मुलगा आता मोठा झालाय. त्याच्याबद्दल यापुढे लिहिणार नाही, ती त्याची गोष्ट आहे. त्याच्या आईकडे मी अजून जाते. दिवाळीत नक्की.

आज संध्याकाळी मुलगी खेळत असताना एवढं बघा. समोर मधोमध एक चमचा धरा आणि ती कुठला हात पुढे आणते ते बघा. मग पुन्हा धरा. दहा वेळा धरा. कधी हा, कधी तो, असं होत असेल तर छान. दहाही वेळा एकच येत असेल तर कोणाच्या प्रकल्पाची वाट बघू नका, सोमवारी सकाळी बालरोगतज्ज्ञांकडे जा आणि इथे मला कळवा.